सन स्पार्कस्टेशन ५: पालीची अंडी, मेलेला सेल आणि पुसले गेलेले दोन आकडे

त्या रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारात कॉम्प्युटर शोधायला गेलोच नव्हतो, गाडीच्या साइड स्टँडची स्प्रिंग हवी होती. मंगळवार पेठेच्या बाजूने आत शिरलो आणि एका ताडपत्रीवर पितळी नळ, मिक्सरची भांडी, फुटके ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये एक चपटा राखाडी डबा उलटा पडलेला दिसला. साधारण १६ इंच बाय १६ इंच, उंची तीनेक इंच. तो आकार मी झोपेतसुद्धा ओळखेन. सरळ केला तर कोपऱ्यात तो तिरका चौकोनी लोगो, कुठूनही वाचा, सनच लिहिलेलं दिसतं.

"कितीला देणार?"

"सर्व्हर आहे शेठ, दीड हजार."

"चालू आहे का?"

"चालू-बंदचं आपल्याला काय माहीत, वजन बघा की."

नऊशेला तुटलं. पैसे देताना सहज विचारलं की याच्याबरोबर कीबोर्ड, माउस असं काही नव्हतं का, तर म्हणाला होतं ना, पण ते गेल्या बुधवारी फोडलं, प्लास्टिक वेगळं काढायला लागतं. मी काही बोललो नाही. स्प्रिंग घ्यायची राहिलीच.

आता हे यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात, नाहीतर नऊशे रुपयांसाठी बायकोने जे तोंड केलं तेच तुम्ही कराल. सन मायक्रोसिस्टम्स ही कंपनी १९८२ साली स्टॅनफर्डच्या आसपासच्या चौघांनी काढलेली, विनोद खोसला, अँडी बेख्टोल्सहाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय, आणि सन हे नावच मुळात स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कचं आद्याक्षरी रूप. स्पार्कस्टेशन ५ हे त्यांचं वर्कस्टेशन, म्हणजे इंजिनियरांच्या टेबलावरचा दणकट कॉम्प्युटर, आलं १९९४ मध्ये. माझ्यावाल्यात ११० मेगाहर्ट्झचा मायक्रोस्पार्क टू प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम आहे. आज हातातल्या घड्याळात याहून जास्त मेमरी असते हे मलाही माहितीय, कोणी सांगू नका. १९९६ ला पहिल्या नोकरीत आम्ही चौघं अशा एका मशीनवर आळीपाळीने चिप डिझाइन करायचो, भिंतीवर वहीचं पान चिकटवून तासांचं बुकिंग असायचं, आणि सिनियर लोक धमकी द्यायचे की चहा सांडलास तर पाच वर्षांचा पगार कापला जाईल. तेव्हा खरंच तेवढी किंमत होती की नुसतंच घाबरवायचे, देव जाणे.

घरी आणलं. लगेच प्लग लावायचा मोह होतोच, पण तो आवरायचा. आधी झाकण उघडलं. आत पॉवर सप्लायच्या जाळीशी पालीची अंडी, चार, म्हणजे रिकामी टरफलं, आणि मदरबोर्डवर तिचं बाकीचं सगळं. कोपऱ्यात झुरळाचा एक पाय. आपल्याकडच्या जुन्या मशीनमध्ये हे असतंच, परदेशातले लोक व्हिडिओत ब्रशने धूळ झटकतात आणि झालं म्हणतात, त्यांना काय कळणार. पालीची विष्ठा बोर्डवर राहिली तर दमट हवेत तांब्याचे ट्रॅक खाते, त्यामुळे ती पूर्ण काढावीच लागते. आधी कोरडा ब्रश, मग ब्लोअर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मी मन लावून घासत बसलो, एकेक चिप, एकेक सॉकेट, आणि ह्याच उत्साहात एक घोडचूक केली, ती पुढे येईलच.

पॉवर सप्लाय वेगळा काढला. दोन छोटे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, म्हणजे भरलेल्या पुरीसारखे नाही, बोट फिरवलं तरच कळेल इतकेच, पण फुगलेले. ते बदलले, १०५ डिग्रीवाले घातले. प्रायमरीचा मोठा कपॅसिटर बरा वाटला म्हणून तसाच ठेवला. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की २३० व्होल्टवर त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच बसून राहतो, तेव्हा हात घालायच्या आधी बल्बने उतरवून मीटर लावून बघायचं. पंखा हाताने फिरवला तर दळणासारखा आवाज. तो घेऊन बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ गेलो, तिथल्या एका दुकानातल्या काकांनी पंखा हातात धरून नुसता कानाशी नेला.

"किती वर्षांचा?"

"तीस असेल."

"मग रिटायर करा त्याला. तेल घालाल, दोन महिने गप्प बसेल, परत रडेल."

त्याच मापाचा बॉल बेअरिंगचा मिळाला, कनेक्टर जुना कापून नव्याला जोडला.

पहिला करंट सिरीज बल्बमधून. आपल्या टीव्ही रिपेअरवाल्यांची ही सगळ्यात भारी पद्धत, मशीनच्या लाइनमध्ये १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायचा, आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब ढणाढणा पेटून राहतो आणि मशीन वाचतं. स्विच दाबला, बल्ब एकदम लखकन उजळला, मग मंद होत होत निखाऱ्यासारखा लाल झाला. म्हणजे ठीक. डिस्कच्या कनेक्टरवर मीटर लावलं तर पाचच्या जागी ५.०४ आणि बाराच्या जागी बाराच्या आसपास. मग बल्ब काढून डायरेक्ट लावलं.

कीबोर्ड नाही, मॉनिटर नाही, मग बोलायचं कसं त्याच्याशी? याचं उत्तर सनवाल्यांनी फार छान ठेवलंय, कीबोर्ड सापडला नाही की मशीन आपोआप सगळं बोलणं सिरियल पोर्टवर पाठवतं. मागे २५ पिनांचा पोर्ट, त्याला नल मोडेम केबल, पुढे यूएसबीचं कन्व्हर्टर, लॅपटॉपवर ९६०० बॉड. अर्धा मिनिट काहीच नाही. मी प्लग काढायला वाकलो आणि तेवढ्यात अक्षरं यायला लागली. स्पार्कस्टेशन ५, नो कीबोर्ड, ६४ एमबी मेमरी. खाली इथरनेट अ‍ॅड्रेसच्या जागी सगळे एफ एफ एफ एफ. आणि त्याखाली ते वाक्य, आयडीप्रॉममधला, म्हणजे मशीनची ओळख जिथे साठवलेली असते तिथला मजकूर अवैध आहे अशा अर्थाचं. मग ते स्वतःच नेटवर्कवरून बूट व्हायला निघालं आणि आरार्प पॅकेटची वाट बघून टाइमआउट, परत टाइमआउट, परत टाइमआउट. आरार्प म्हणजे मशीन नेटवर्कवर ओरडून विचारतं की माझा हार्डवेअर अ‍ॅड्रेस अमुक आहे, माझा आयपी काय ते कोणीतरी सांगा. इथे तर त्याला स्वतःचा अमुकसुद्धा आठवत नव्हता. स्टेशनवर हरवलेलं म्हातारं माणूस नाव विचारलं की नुसतं बघत राहतं ना, तसं.

हे होणार याची कल्पना होतीच. या मशीनांमध्ये एनव्हीरॅम म्हणून एक २८ पायांची चिप असते, सॉकेटमध्ये बसवलेली, इतर चिपांपेक्षा जाड, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी. त्या टोपीच्या आत लिथियमचा सेल आणि घड्याळाचा क्रिस्टल दोन्ही ओतून बंद केलेले. मशीन बंद असताना त्या सेलवर चिपमधली मेमरी जिवंत राहते, आणि त्या मेमरीत असतो मशीनचा इथरनेट अ‍ॅड्रेस, होस्ट आयडी, कुठल्या डिस्कवरून बूट व्हायचं वगैरे सगळं. सेल दहाएक वर्षांच्या हिशोबाने घातलेला, तो तीस वर्षांनी मेलेला असणारच, यात कोणाची चूक नाही. आणि तो बदलता येत नाही कारण तो चिपच्या पोटात, म्हणजे डोक्यात.

होस्ट आयडीचं महत्त्व तेव्हा काम केलेल्यांनाच कळेल. लाखालाखांची डिझाइन सॉफ्टवेअरं त्या आठ अक्षरी नंबराला बांधलेली असायची. मदरबोर्ड जळला की सर्व्हिस इंजिनियर नवीन बोर्ड घेऊन यायचा आणि पहिलं काम काय करायचा तर जुन्या बोर्डवरची ती टोपीवाली चिप हळूच उपटून नव्यावर बसवायचा. बाकी बोर्ड गेला कचऱ्यात, पण चिप गेली की मशीनची ओळख गेली, लायसन्स गेलं. आमच्याकडे एकदा इंजिनियरने चिप शर्टाच्या खिशात टाकली आणि जेवायला गेला, तो परत येईपर्यंत आमचे मॅनेजर पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते.

आता घोडचूक. त्या चिपच्या टोपीवर एक छोटा बारकोडचा स्टिकर असतो आणि त्यावर त्या मशीनच्या अ‍ॅड्रेसचे शेवटचे सहा आकडे छापलेले असतात. सनच्या त्या काळच्या मशीनांचा अ‍ॅड्रेस ०८:००:२० ने सुरू होतो, ते ठरलेलंच आहे, म्हणजे स्टिकर असेल तर हरवलेलं नाव परत मिळतं. आणि मी तो स्टिकर अल्कोहोल आणि टूथब्रशने घासला होता. ७ए १डी एवढं दिसत होतं. शेवटचे दोन आकडे गेले, नुसता पांढरा डाग. टॉर्च तिरका धरला, मोबाइलने फोटो काढून काँट्रास्ट वाढवला, मुलीने तिच्या अ‍ॅपमध्ये काय काय केलं, काही नाही.

खरं तर काही बिघडत नव्हतं. जगभर ह्या मशीनी दुरुस्त करणारे लोक शेवटच्या सहा आकड्यांच्या जागी सी० एफएफ ईई टाकतात, कॉफी असं वाचलं जातं म्हणून, आणि मशीन मजेत चालतं. घरच्या राउटरवर कुठे दुसरं स्पार्कस्टेशन बसलंय भांडायला. पण चार आकडे समोर दिसतायत आणि दोन मीच पुसलेत, म्हणजे २५६ पैकी एक काहीतरी बरोबर आहे, हे डोक्यातून जाईना. ठरवलं, तात्पुरती कॉफी, खरा नंबर शोधू.

पण नंबर टिकवायला आधी सेल हवा. नवीन चिप मागवून बघितली, ऑनलाइन एका विक्रेत्याकडून, "नवीन" म्हणून. आली ती टोपी पॉलिश केल्यासारखी चकाकत होती आणि पायांवर जुन्या सोल्डरचे डाग, आतला सेल जवळजवळ मेलेलाच, मशीनमध्ये लावून रात्रभर बंद ठेवलं की सकाळी परत एफ एफ एफ एफ. पैसे परत मागायच्या भानगडीत पडलो नाही. मग आपलीच चिप कापायची.

हे काम वाचायला भयंकर वाटतं पण हात स्थिर असेल तर तासाभराचं आहे. टोपीच्या एका टोकाला सेल असतो, दुसऱ्या टोकाला क्रिस्टल, आणि सेलवाल्या बाजूला दोन बारीक धातूच्या पट्ट्या वरून खाली चिपमध्ये जातात. कुठलं टोक कुठलं ते आधी नीट बघून घ्या, क्रिस्टलच्या बाजूने करवत चालवली तर घड्याळ संपलं. मी चिप फोमच्या तुकड्यात पाय रोवून ठेवली आणि हॅक्सॉचं ब्लेड नुसतं हातात धरून, फ्रेमशिवाय, कडेने हळूहळू घासत गेलो. काळा भुगा पडतो, जळक्या बेकलाइटसारखा वास येतो. मधेच पिवळट चमक दिसली की थांबायचं, ती पट्टी. दोन्ही पट्ट्या उघड्या झाल्यावर मीटर लावलं, ०.३ व्होल्ट. कुठली प्लस कुठली मायनस हे ह्याच वेळी लिहून ठेवायचं, कारण सेल पार शून्यावर गेला असता तर मीटरनेही काही सांगितलं नसतं. मग सेलकडे जाणारी पट्टी कापून टाकायची, नाहीतर मेलेला सेल नव्याला शोषत बसतो. उरलेल्या खुंटांना दोन बारीक वायरी सोल्डर केल्या, त्यांना सीआर२०३२ या बटण सेलचा होल्डर, होल्डर डबल टेपने चिपच्या डोक्यावर. दिसायला पेशंटच्या डोक्याला बँडेज बांधल्यासारखं दिसतं. चिप परत बसवताना एक पाय सॉकेटच्या बाहेर दुमडला गेला, तो पकडीने सरळ करताना श्वास रोखून धरला होता, तुटला असता तर इथेच गोष्ट संपली असती.

आता नंबर भरायचा. ह्या मशीनच्या बूट प्रॉममध्ये, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी जागी होणाऱ्या चिपमध्ये, अख्खी फोर्थ नावाची प्रोग्रॅमिंग भाषा बसवलेली आहे, आणि समोर येतो तो नुसता "ओके" असा प्रॉम्प्ट. मशीन तुम्हाला ओके म्हणतं, काय हवं ते सांगा. फोर्थमध्ये आधी आकडे द्यायचे आणि शेवटी काय करायचं ते सांगायचं. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं, मला पहिल्या दिवसापासून ते आपलंच वाटलं, कारण मराठीत तरी आपण काय करतो, डबा शेल्फवर ठेव, कर्म आधी क्रियापद शेवटी. तर आयडीप्रॉम म्हणजे १६ खणांची एक पट्टी समजा. "८ २ एमकेपी" म्हणजे आठ हा आकडा दोन नंबरच्या खणात टाक. खण मोजायचे शून्यापासून. पहिल्या खणात १, दुसऱ्यात मशीनचा प्रकार, पुढचे सहा खण इथरनेट अ‍ॅड्रेसचे, मग चार खण तारखेचे, मग तीन खणांत नंबराचे तेच शेवटचे सहा आकडे परत, आणि सोळाव्या खणात आधीच्या पंधरांचा एक्सॉर, म्हणजे बिटांच्या हिशोबाने काढलेला पडताळणीचा आकडा. हा शेवटचा खण चुकला की सगळी पट्टी अवैध, त्यामुळे तो हाताने काढायचा नाही, एक ओळीचा लूप लिहून त्यालाच काढायला लावायचा. लिहिलं, बॅनर, म्हणजे चालू होताना येतो तो मजकूर, परत छापायला सांगितला, आणि अ‍ॅड्रेसच्या जागी ८:०:२०:सी०:एफएफ:ईई. ते अवैधवालं वाक्य गायब.

मशीन बंद करून दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चालू केलं, कॉफी तशीच. सेल धरतोय.

आता डिस्क. आत १.०५ जीबीची सीगेट, सनचा शिक्का असलेली. ओके प्रॉम्प्टवर प्रोब-स्कझी केलं, म्हणजे स्कझी या तेव्हाच्या डिस्कच्या जोडणीवर काय काय लावलंय ते विचारलं, तर काहीच नाही. कान लावला, डिस्क फिरतच नव्हती, नुसता बारीक टिक आवाज आणि शांतता. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डिस्कची हेडं प्लेटला चिकटून बसतात नाहीतर बेअरिंगमधलं ग्रीस गोठतं. उपाय गावठी आहे. डिस्क बाहेर काढायची, दोन्ही हातात आडवी धरायची आणि मनगटाने एकदम झटका देऊन आपल्याच पातळीत फिरवायची, रवी घुसळताना पहिला हिसका देतो तसा. ठोकायची नाही, हातोडी वगैरे तर अजिबात नाही. चौथ्या हिसक्याला आत काहीतरी सुटल्याचं हाताला जाणवलं. परत लावली, आणि तो चढत जाणारा सूर, ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. आई आतून म्हणाली, "मिक्सर कशाला लावलायस आत्ता?"

अशी डिस्क एकदा फिरली की ती शेवटचीच समजायची आणि आधी कॉपी काढायची. यासाठी ब्लूस्कझी नावाचं छोटं बोर्ड वापरलं, एका बाजूला ५० पिनांची स्कझी, दुसऱ्या बाजूला एसडी कार्ड. कार्डावर डिस्कची इमेज फाइल ठेवायची आणि फाइलच्या नावातच तिचा स्कझी आयडी लिहायचा. ह्या मशीनवर बूटची डिस्क तीन नंबरला, सीडी सहा नंबरला आणि सात नंबर कंट्रोलरचा स्वतःचा, त्यामुळे मी सोलारिसच्या, म्हणजे सनच्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या, सीडीची इमेज सहाला आणि एक कोरी डिस्क एक नंबरला ठेवली. टर्मिनेशन, म्हणजे केबलच्या टोकाला लावायचा रोध, विसरलो होतो म्हणून पहिले दोन तास एकाच डिस्कच्या सात डिस्का दिसत होत्या, ते सोडा.

सीडीवरून सिंगल यूजरमध्ये बूट केलं, कोऱ्या डिस्कला फॉरमॅट कमांडने लेबल लावलं आणि जशीच्या तशी नक्कल काढणारी डीडी ही कमांड चालवली. सनच्या डिस्कवर दोन नंबरचा स्लाइस म्हणजे अख्खी डिस्क, त्यामुळे एकाच कमांडमध्ये सगळं उचलता येतं. पाऊण तास लागला, मी समोरच बसून होतो, काहीही करू शकत नव्हतो तरी. शेवटाकडे एकदा डिस्कचा सूर उतरल्यासारखा वाटला, पण झालं. एकही रीड एरर नाही. जुनी डिस्क काढून फोममध्ये गुंडाळून ठेवली आणि पुढचं सगळं कॉपीवर.

कॉपी माउंट केली. होस्टनेमची फाइल उघडली, आत एकच शब्द, तोरणा. आता हे आमच्याच ऑफिसातलं नव्हतं, आमच्याकडे नद्यांची नावं होती, मी इंद्रायणीवर बसायचो, पण पुण्यातलं कुठलंही डिझाइन ऑफिस घ्या, किल्ले नाहीतर नद्या. म्हणजे कुठेतरी राजगड आणि सिंहगडही असणार, एव्हाना फोडून झाले असतील. सिस्टिम सोलारिस २.५.१, शेवटच्या फाइली २००२ च्या. लोकांच्या होम डिरेक्टरी तशाच होत्या, नावंही दिसत होती, त्या मी उघडल्या नाहीत आणि पुढे कॉपीवरून काढून टाकल्या, दुसऱ्याच्या टपालासारखंच आहे ते.

मला हवा होता नंबर. सोलारिस प्रत्येक बूटला मेसेजेस नावाच्या लॉगमध्ये इथरनेट अ‍ॅड्रेस लिहितं, म्हणून आधी तिथे बघितलं. नशीब असं की मशीन बहुतेक महिनोनमहिने रीबूटच झालं नव्हतं, लॉग फिरून फिरून जुन्या ओळी गेलेल्या, नुसत्या प्रिंटर सापडत नाही अशा तक्रारी. म्हटलं गेलं. रात्री अकराला झोपायला गेलो आणि पडल्या पडल्या डोक्यात आलं, अरे लायसन्स! उठलो. त्या लायसन्सच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत सर्व्हर असा शब्द, पुढे मशीनचं नाव आणि पुढे होस्ट आयडी असायचा, कारण सॉफ्टवेअर त्याच नंबराला बांधलेलं. ऑप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरं जिथे टाकतात त्या डिरेक्टरीखाली सगळीकडे शोध लावला. एका डिरेक्टरीत सापडली. सर्व्हर, तोरणा, ८०७ए१डीबी३.

आधीचे ८० म्हणजे मशीनचा प्रकार. मग ७ए १डी, स्टिकरवर होते तेच. आणि बी३.

ज्या लायसन्सने आम्हाला तेव्हा रडवलं होतं, एक तारीख चुकली तर अख्खं ऑफिस बसून राहायचं, त्यानेच नंबर सांभाळून ठेवला होता. रात्री साडेअकराला ओके प्रॉम्प्टवर बसून सगळे खण परत भरले, हात खरंच थोडे थरथरत होते, एकदा बी३ च्या जागी ३बी टाकलं आणि परत पहिल्यापासून. बॅनरमध्ये ८:०:२०:७ए:१डी:बी३ आलं, खाली होस्ट आयडी ८०७ए१डीबी३. बायको पाणी प्यायला उठली होती, तिला दाखवलं, ती म्हणाली छान, आता लाइट बंद कर.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. कीबोर्ड मिळाला एका जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर, टाइप ५, माउससकट, आणि मुख्य म्हणजे माउसच्या पॅडसकट. हा माउस आजच्या ऑप्टिकलसारखा कुठल्याही टेबलावर चालत नाही, त्याला बारीक जाळी कोरलेली चकचकीत धातूची पाटीच लागते, ती नसेल तर माउस म्हणजे पेपरवेट. पाटी आडवी-उभी चुकीची ठेवली तर कर्सर भलतीकडे पळतो, दहा मिनिटं मी माउस खराब समजून बसलो होतो.

मॉनिटरने जास्त पिडलं. ग्राफिक्स कार्डाचं कनेक्टर १३डब्ल्यू३, तीन जाड कोअ‍ॅक्स पिना आणि दहा बारीक. व्हीजीएचं अ‍ॅडॅप्टर लावलं तर घरातला एलसीडी म्हणे आउट ऑफ रेंज. सन स्वतःच्या ११५२ बाय ९०० अशा रेझोल्यूशनवर चालतं आणि सिंक दोन वेगळ्या तारांऐवजी एकत्र करून पाठवतं, ते सगळ्या एलसीडींना पचत नाही. तीन मॉनिटर बदलून बघितले, शेजारच्यांचासुद्धा. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून जुना चौकोनी १९ इंची उचलला जो एकत्र सिंक मान्य करतो, आणि ओके प्रॉम्प्टवरून आउटपुट १०२४ बाय ७६८ ला ६० हर्ट्झवर सेट केलं. ही सेटिंगही त्याच बँडेजवाल्या चिपमध्ये राहते. तेव्हाचा खरा वीस इंची सीआरटी मिळाला तर हवाय, पण तो उचलायला दोन माणसं लागायची आणि घरात ठेवायला परवानगी लागेल.

ओपनविंडोज, म्हणजे सनचं खिडक्या-बटणांचं डेस्कटॉप, सुरू झालं तेव्हा त्या गोल कडांच्या बटणांकडे बघत बसलो थोडा वेळ. दुसऱ्या इमेजवर नेटबीएसडी ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय, ती अजूनही ह्या मशीनसाठी निघते, सोलारिसने १० नंबरपासून ३२ बिट स्पार्क सोडून दिलं. पहिल्या बूटला त्याने एसएसएचच्या (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिनच्या) किल्ल्या बनवायला घेतल्या तेवढ्यात मी कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, वरण घोटलं, फोडणी दिली, तरी किल्ल्या चालूच.

देखभाल म्हणाल तर महिन्यातून एकदा तासभर चालू ठेवतो, पंखा आणि कपॅसिटर दोघांनाही बरं. पावसाळ्यात झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या, आणि मागच्या सगळ्या फटींना बारीक नायलॉनची जाळी चिकटवली, मच्छरदाणीचा तुकडा, हवा जाते पण पाल जात नाही. पहिल्या आठवड्यात ती येऊन जाळीवर बसली होती, घर शोधत असणार.

मूळची डिस्क अजून फोममध्येच आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय, तोरणा, ०८:००:२०:७ए:१डी:बी३, सेल घातल्याची तारीख, आणि खाली मुलीने तिच्या अक्षरात, "बाबा, हे पुसू नका."